पंच्याहत्तर टक्के

कन्ना चौकातून टेम्पोत टाकून आणला,
एकशे पासष्ट लिटरचा, एका दाराचा, पोपटी.
गॅस शाबूत होता, मालकाचं मन उडालं होतं.
बर्फाच्या खणाचं दार काढलं,
अंडी उबवायच्या मशीनचा कंट्रोलर जोडला,
जुन्या कॉम्प्युटरचा चार बोटं रुंद पंखा,
खाली ताटलीत जाड्या मिठाचा ओला लगदा.
आत तेरा अंश.
बाहेर सोलापूर, त्रेचाळीस.

रेणुका म्हणाली, दुकानात नऊ फ्रीज पडलेत दुरुस्तीला
आणि घरात तू चांगला एक बिघडवलास.

अशरफभाईनं मागची मांडी दिली, हाड काढून.
एक किलो दोनशे. छत्तीस ग्रॅम मीठ.
दोन आठवडे मिठात, मग धुतली, पुसली,
मिरी, धणे, आणि थोडं लाल तिखट,
कारण न घालता हात ऐकेना.
गुंडाळायला मलमल शोधत होतो
तर नायनांनी ट्रंकेतून काढून दिली,
घरच्या मागावरची शेवटची, दीड वार.
कशासाठी ठेवली होती ते मी विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तरी
लूमच्या खटखटीनं त्यांचे दोन्ही कान केव्हाच नेले.

अम्मा पत्र्यावर करायची, वट्टी तुनकलु,
बोटाएवढ्या पट्ट्या, हळद-मीठ, सुतळीवर टांगून
दोन दिवसांत कडकडीत.
माझ्या हातात काठी, डोक्यावर घारी.
हे तसं नव्हे. हे सावकाश.
आतलं आणि बाहेरचं एका चालीनं सुकायला हवं,
नाहीतर वरून कातडं धरतं
आणि पोटात ओल कुजते.

वहीत लिहीत होतो:
अकराशे चाळीस. अकराशे दोन.
एक हजार अठ्ठ्याऐंशी.
एक हजार शहाऐंशी.
आठशे चाळीसला थांबायचं होतं, आणि ते तिथंच अडलं.
मीटर म्हणत होता पंच्याहत्तर टक्के दमटपणा, सगळं बरोबर.

एका रात्री लघवीला उठलेले नायना फ्रीजसमोर उभे.
दारावर तळवा टेकून कॉम्प्रेसर ऐकत होते,
ते आता असंच ऐकतात.
मग दार उघडलं, हात आत घातला,
अंगठ्यावर तर्जनी चोळली.
"कोरडं आहे बे," बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
"धागा तुटंल."
मी मीटर दाखवला. त्यांनी पाहिलाही नाही.
सदतीस वर्षं मिलमध्ये,
छतातून धुकं सोडणाऱ्या नळ्यांखाली,
ती हवा त्यांनी रोज आठ तास नेसली होती.

सकाळी मीटर डब्यात कोंडला,
झाकणभर ओल्या मिठासोबत.
बंद डब्यात मीठ पंच्याहत्तरच धरतं, त्याला दुसरं येत नाही.
मीटरवर चौऱ्याऐंशी.
नऊ टक्क्यांची थाप, दीडशे रुपयांत.

पंखा मंदावला. दुसरी ताटली ठेवली.
पांढरी बुरशी आली, पिठासारखी, ती चालते.
हिरवी आली तिथं व्हिनेगरचा बोळा.
रेणुका मागच्या दारानं ये-जा करू लागली.

श्रावण लागायला चार दिवस
आणि काट्यावर आठशे एकेचाळीस.
एका ग्रॅमसाठी मला थांबवेना.

सुरी दगडावर फिरवली.
पहिली चकती डाळिंबाच्या दाण्यासारखी गर्द,
कडेला चरबीचा एकच तंतू.
नायनांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, डोळे बारीक केले,
पलीकडे माझी बोटं दिसतात का पाहिलं.
"ऐंशीचा काउंट," म्हणाले.
मग दात नसलेल्या तोंडात ठेवली
आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

मी पुढची कापायला घेतली.
ती जाड झाली.