दीड सेकंद

डुलूथच्या संग्रहालयातल्या तळघराला
आम्ही स्टुडिओ म्हणतो.
म्हणजे एक हिरवी भिंत, दोन दिवे,
आणि गॉर्डन, जो कार्यक्रम चालू असताना
हातांनीच बोलतो:
अंगठा वर, म्हणजे तू दिसतेस.
कानाला बोट, म्हणजे थांब, अजून नाही.

सव्वादहाला उत्तर डकोटातली एक शाळा.
तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत. मुलं सात.
त्यांचा कॅमेरा बहुतेक कपाटावर ठेवलाय,
कारण मला चेहऱ्यांआधी भांग दिसतात.
सातातला एक वाकडा,
घाईघाईत कुणा बापानं पाडलेला.

आवाज येतोय का?
दिवसातून चारदा विचारते मी हे,
परक्या घरात शिरण्याआधी
दाराशी खाकरावं तसं.

माझं बोलणं पोचून
त्यांचं हसू परत यायला दीड सेकंद लागतो.
पहिल्या वर्षी त्या दीडात माझा जीव जायचा.
विनोद करावा, समोर सगळे मख्ख,
आणि पुढच्या वाक्याला हात घातला
की मागच्याचं हसू येऊन आदळायचं.
आता थांबते.
आंतरपाटाच्या अलीकडे उभं राहावं तशी,
पलीकडे माणूस आहे हे धरून.

आजचा विषय, तळ्यात बुडालेली जहाजं.
तळं म्हणताना माझी जीभ अजून अडते,
ह्याचा पलीकडचा काठ मी कधी पाहिलेला नाही.
मुलांनी तर अलीकडचाही नाही.
त्यांच्या खिडकीत गव्हाचं कापलेलं रान,
आणि वारा, जो माइकलाही ऐकू येतो.

मी कंदील दाखवला, दोराचा तुकडा दाखवला,
मग बूट.
एका खलाशाचा, डावा.
एकोणनव्वद वर्षं पाण्याखाली.
पाणी इतकं गार की कातडं कुजलंच नाही.
हे वाक्य मला झोपेतही येतं.

वाकड्या भांगानं हात वर केला.
मिसेस हॉगन म्हणाल्या, बोल, लेलँड.
तो म्हणाला,
वास कसा येतो त्याला?

चार वर्षं हा बूट दाखवतेय.
वजन सांगते, टाके सांगते, खिळे मोजून सांगते.
हातमोजे घाल, तोंडाजवळ नेऊ नको, हा नियमही पाळते.
गॉर्डननं भुवया उचलल्या.
ह्या खुणेचा अर्थ आमचा ठरलेला नव्हता.

मी बूट नाकाशी नेला.

कुबट,
नाक म्हणालं, सरळ मराठीत.
इंग्रजी शोधून तोंडाशी आणेपर्यंत
दीड सेकंद गेला,
आणि ह्या खेपेला उशीर तारेत नव्हता.
मग म्हणाले: ओला कुत्रा. जुनी नाणी.
आणि तळाशी थोडासा
अजून माणसाचा.

मी थांबले.
सवयीनं.

पलीकडे लेलँड वाकला,
नाडी सोडली,
स्वतःचा बूट काढून नाकाला लावला.
मग शेजारची मुलगी. मग मागचे दोघे.
मिसेस हॉगन काही म्हणत होत्या,
हसत होत्या की रागावत, ते कळायच्या आत
चित्र गोठलं.

गॉर्डन वायरींकडे धावला.
मी तशीच उभी, हातात बूट,
समोर सात मुलं, सात बूट,
आणि कुणाचंच नाक दिसत नाही.
किती वेळ, माहीत नाही.
लाइन परत आली नाही.

नंतरच्या फॉर्मात रकाना असतो:
विद्यार्थ्यांपर्यंत काय पोचलं?
मी लिहिलं, वास सोडून सगळं.
मग ते खोडलं.
अकराला पाच कमी होते,
टेक्सासची एक शाळा दारात येऊन थांबली होती,
आणि मला आधी
हातमोजे बदलायचे होते.