लाल दिवा

"बंद करून चालू केलंत?"
केलं. तीनदा.
"वायर घट्ट बसवलीत?"
बसवली हो.
बाई म्हणाल्या, चोवीस तासांत माणूस येईल.

धायरीत तिसऱ्या मजल्यावर
राउटरचा दिवा लालच.
आप्पांनी पेपर खाली ठेवला.
टेलिफोन खात्यात लाइनमन, एकतीस वर्षं;
सिंहगड रोडचा खांब न् खांब पाठ.
बोटांनी वायर चाचपत निघाले
सोफ्यामागून, खिडकीच्या फटीतून, गॅलरीत.
तिथे कोरफडीच्या कुंडीखाली
ती दुमडलेली.
कुंडी मीच सरकवली होती, रविवारी.

बोलले काही नाहीत.
कुंडी उचलली, वायर सरळ केली.
आतून मी ओरडले, हिरवा!

तरी रिकामी मूठ कानाशी धरून
गॅलरीतूनच विचारतात,
"हॅलो, टेस्टिंग. येतोय का आवाज?"

मीटिंग केव्हाच सुरू झाली होती.
म्हटलं, येतोय.