घेर

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात
त्यानं स्वतःच लिहिलं होतं : नाही.
आणि खाली, वेगळ्या शाईत : प्रार्थना नको.
तरी नर्स मॉइरानं मला बोलावलं,
"झोपत नाही तो, चॅप्लिन. रात्रभर काहीतरी मोजत असतो."

वॉर्ड सात, खिडकीकडची खाट.
कथबर्ट हेस्लॉप, वय एक्याऐंशी,
एकतीस वर्षं ॲशिंग्टनच्या खाणीत,
फुप्फुसांत अजून तिथलाच काळोख.
लोक त्याला कडी म्हणत.
कडी, म्हणजे आमच्याकडे दाराची;
आणि ही तर आतून लावलेली.

तो मला पेट म्हणाला.
इकडे लाडानं म्हणतात तसं, कुणालाही,
बसमध्ये, दुकानात, सुटे पैसे देताना.
नऊ वर्षं झाली मला या नॉर्थंबरलंडात,
अजून कानावर ती आज्ञाच पडते :
पेट.
दमट काडीला म्हणावं तशी.

"प्रार्थना करणार असशील तर जा."
"नाही करणार."
"मग माझ्या लीक मोजून ये."

लीक म्हणजे कसं सांगू,
कांद्याच्या पातीची थोरली बहीण,
अंगानं भरलेली, पांढऱ्या पोटरीची.
इथं तिचं बी आजोबांकडून नातवाकडे येतं,
सप्टेंबरात क्लबात तिचं प्रदर्शन भरतं,
आणि आदल्या आठवड्यात
कुणी वैरी रात्री सुरी घेऊन येईल म्हणून
म्हातारे वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात.
"जागे राहा" हे वचन
मी किती उपासनांत वाचून दाखवलंय.
खुर्ची कुठं टाकायची ते सांगितलं नव्हतं कधी.

ड्यूटी संपवून गेले.
रेल्वेरुळामागे वाफा, पत्र्याची खोली,
खुर्ची रिकामी, खुर्चीवर कांबळं.
त्यानं सांगितलेल्या खिळ्यावरच शिंप्याची टेप.
गुडघे चिखलात टेकले
(एरवी ज्यासाठी टेकतात त्यासाठी नाही)
आणि एकेकीच्या कमरेला टेप लावली.
दहा. पावणेदहा. सव्वादहा.

राहुरीकडे माझे वडील पाळक होते.
आजाऱ्याच्या दारात सायकल लावून
आधी शेळी व्याली का विचारायचे,
मग देवाचं.
कधीकधी नुसतंच शेळीचं.

रोज सांगत गेले आकडे.
तो डोळे मिटून ऐकायचा,
मास्कखाली ओठ हलवत, माझ्यामागून म्हणत.

बुधवारी पाऊस. शिवाय खालच्या मजल्यावर
एक बाळ होतं, चार तासांचं.
त्याच्या आईजवळ बसले पहाटेपर्यंत.
वाफ्याकडे गेलेच नाही.
गुरुवारी कडीनं विचारलं
आणि तोंडातून निघून गेलं :
मधली अर्धा इंच वाढलीय.

बराच वेळ नुसता मास्कचा आवाज.
"पेट, सप्टेंबरात
एका रात्रीत अर्धा इंच
देवाच्या बापालाही वाढवता येत नाही."

मग सांगितलं. बाळाचं.
"नाव ठेवलं होतं?" त्यानं विचारलं.
ठेवलं होतं. सांगितलं नाव.
पांढऱ्या कॉलरखाली मान भाजत होती.
सुयांनी निळा झालेला हात त्यानं
चादरीतून काढला,
माझ्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवून पाहिलं.
"साडेपाच," म्हणाला.
"जेवत नाहीस तू."
आणि थोड्या वेळानं, खिडकीकडे बघत :
"चालायचं."

शुक्रवारी दुपारी गेला. मी ड्यूटीवर नव्हते.
शनिवारी क्लबात, टेबलावरच्या काळ्या कापडावर
शेजाऱ्यानं धुऊन मांडलेल्या त्याच्या तीन लीक.
तिसरं बक्षीस : एक किटली.
ती कुणाला द्यायची यावर बरीच चर्चा झाली.

सोमवारी फाईल बंद करायची होती.
आध्यात्मिक सेवा : काय दिली?
मोजमाप, असं लिहिलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

टेप अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे.
खिळ्याला लावायची राहूनच गेली.