माया न सोडता

गांधीनगरच्या दुकानात त्यानं ठाण उलगडलं,
म्हणाला, घ्या मावशी, स्किन कलर.
मी हात कापडाशेजारी धरला.
कुणाची स्किन ही?
आमच्या घरात तरी कुणाची नाही.
तरी दीड मीटर घेतलं, कारण ताणलं की लांबायचं
आणि सोडलं की गप आपल्या जागी यायचं.
असं परत येणारं काही
मी आजवर शिवलं नव्हतं.

घरी आणून मोठ्या पातेल्यात उकळलं,
चार मुठी चहापूड, झाकणभर व्हिनेगर.
दर पाच मिनिटांनी चिमट्यानं टोक वर काढायचं,
संग्रामच्या दंडाला लावून बघायचं.
अजून थोडं, आई. अजून.
गल्लीत वास सुटला, दोघीजणी चहाला आल्या.

मग तो बनियन काढून मापाला उभा राहिला.
दहावीनंतर ह्याच्या पाठीला माझा हात लागला नव्हता,
शर्ट रेडिमेड, पॅन्ट रेडिमेड.
छाती छत्तीस. कंबर अठ्ठावीस.
खांद्यावरनं खाली, मांड्यांमधनं, पाठीवरनं
परत त्याच खांद्याला:
हे माप मी कुणाचंच कधी घेतलं नव्हतं.
चौसष्ट, म्हणालो.
गुदगुल्या होतात गं, म्हणाला.
कांजण्यांचा डाग अजून तिथंच, फक्त रुंद झालाय.

आता यातनं कमी कर, म्हणाला.
कमी?
अंगापेक्षा लहान कापायचं असतं, आई.
दहा इंचाला एक इंच.

मी कात्री खाली ठेवून बसलो.
वीस वर्षं मंगळवार पेठेतल्या पोरींचे ब्लाऊज शिवले,
दोन्ही बगलेला दोन-दोन बोटं माया सोडून.
लग्नानंतर लागते, बाळंतपणानंतर लागते,
उसवायला आलेल्या ब्लाऊजवरनं
मला कुणाचं किती झालं ते कळायचं.
ह्याच्या शाळेच्या पॅन्टीला आत चार बोटं दुमड होती,
सातवीपर्यंत पुरवली.
आणि हा म्हणतोय, माया नको.

सासरे दारात आले. जुने पैलवान.
यात झाकलं काय नि ठेवलं काय?
मी म्हटलं, मामा, तुमचा लंगोट
रोज मीच वाळत घालतो की.
ते तालमीकडं निघून गेले.

पहिला घातला नि त्यानं पाय डोक्याशी नेला.
टर्र.
कापड शाबूत, धागा तुटलेला.
सरळ टाक्याला ताणता येत नाही, एवढंच त्याचं दुखणं.
रात्रभर पायमशीनला शिव्या घातल्या.
सकाळी पिकोच्या मशीनवरचं फडकं काढताना हात थांबला.
ही बया तर पंधरा वर्षं नागमोडीच चालतीय,
दुसऱ्यांच्या साड्यांचे काठ धरत.
सुई तेवढी बदलायची होती. गोल टोकाची,
महाद्वार रोडला मिळाली, पाकिटात पाच.
टोकदार सुई ह्या कापडाला भोक पाडते,
ही धाग्यांना बाजूला सारून जाते.

नाट्यगृहात सहाव्या रांगेत बसलो.
तो नाचात कोण होता मला नीट समजलं नाही,
आधी बी असावा, मग पूर, का झाड.
उजेडात वाटायचं, अंगावर काहीच नाही.
मी डाव्या बगलेची शिवण बघत होतो.
ताणली,
ताणली,
परत आली.
शेजारची बाई टाळ्या वाजवायला लागली
तेव्हा कळलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी धुतला. पिळायचा नसतो,
सावलीत दोरीवर टाकला.
अंगातनं निघाला की आक्रसून जातो, एवढासा,
तिसरी-चौथीतल्या पोराचा असावा तसा.
वरनं जमादार भाभी डोकावल्या,
कोण आलंय हो लहान पोर तुमच्याकडं?

छत्तीस छाती आहे, भाभी, म्हटलं,
आणि दुसरा चिमटा लावला.