सव्वासहा

परिपत्रक मीच टाईप केलं.
आस्थापना शाखा, टेबल चार,
परभणीची दुपार,
कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता वाळ्याचा वास.
विषय : पाळणाघर शुल्कवाढीबाबत.
नऊशेचे दोन हजार दोनशे करताना
बोट अडखळलं नाही.
सवय आहे. आकडे दुसऱ्यांचे असतात.
मग 'प्रत माहितीस्तव'च्या यादीत
सातव्या क्रमांकाला मीच आले :
श्रीमती दुधाटे, वरिष्ठ सहायक, पाल्य एक.
शुद्धलेखन तपासलं. प्रिंट दिली.

'सायंकाळी सहा पंधरानंतर
प्रति मिनिट रुपये पाच'
हे साहेबांनी नंतर घातलं,
समासात, हिरव्या शाईनं.

पाळणाघर जुन्या अभिलेखाच्या खोलीत आहे.
निजामाच्या काळातले उर्दू बस्ते होते तिथं
आता सतरंजी, एक घसरगुंडी,
आणि निम्म्यातच सोडलेला भिंतीवरचा हत्ती.
लेकीच्या केसांना रात्री
जुन्या कागदाचा वास येतो.
मला तो आवडायला लागलाय.

नसरीननं दुसऱ्याच दिवशी
खुंटीवरची पिशवी काढली.
'अम्मीकडं ठेवते मानवतला,
शनिवार-रविवार जाऊन बघंन.'
दहा महिन्यांचं पोर.
पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा
पेढे तिनंच वाटले होते.
खुंटीवर मार्करनं लिहिलेलं नाव
अजून तसंच आहे : हाशिर.

महागाई भत्ता किती वाढला, शुल्क किती,
हिशोब मी एका रद्द मसुद्याच्या पाठीवर केला.
दोनदा केला.
मग कागद फाडला, बारीक.

काल साहेबांची व्हीसी लांबली.
मी दारात, फाईल छातीशी,
एक सही हवी होती, एकच.
सहा वीस : पंचवीस रुपये.
साडेसहा : पंचाहत्तर.
आत मंत्रालयातला आवाज म्हणत होता,
म्यूट करा, कुणीतरी म्यूट करा.
पावणेसात.
कचेरीच थांबवून ठेवते
आणि थांबल्याचे पैसेही कचेरीच घेते,
पण हे म्हणावं कुणाला,
ते कलम टंकताना मी कुठं थांबले होते?

जिन्यावरून पळतच उतरले.
महानंदा उंबऱ्यात बसलेली,
मांडीवर आर्वी, तोंड उघडं टाकून झोपलेली.
शेजारी रजिस्टर.
त्यात तिनं लिहून ठेवलेलं : सव्वासहा.
वरच्या ओळीत सव्वासहा.
पान उलटलं तर एक तारखेपासून
तिच्या तिरप्या, जड अक्षरात
रोज सव्वासहा.

'खरं लिहा की,' मी म्हटलं.
'खरं लिहून काय करायचंय ताई,
ते पैसे काय मला यायलेत का?'

तिला सहा हजार, एजन्सीकडून,
तेही तीन-तीन महिन्यांनी.
परिपत्रकात 'मदतनीस' हा शब्द एकदाच आहे,
जबाबदारीच्या कलमात.
मला पाठ आहे.

सहा बावन्न झाले होते.
सदतीस मिनिटं, एकशे पंच्याऐंशी रुपये
तिनं माझे वाचवले.
तिची सदतीस मिनिटं मात्र
कुठल्याच रजिस्टरला लागली नाहीत.

'तुमचा लहाना कुणाकडं असतो?'
दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं मी.
'कुलपाकडं,' ती म्हणाली.
हसली. मग माझं तोंड बघून म्हणाली,
'शेजारीण बगती हो खिडकीतून,
लई गुणाचं हाय ते.'

आर्वीला खांद्यावर घ्यायला वाकले
तर पोरीच्या मुठीत
महानंदाचा पदर घट्ट.
ओढला तर जागी होईल म्हणून
आम्ही दोघी तिथंच, उंबऱ्यात,
एकेक बोट उघडत बसलो.