नखाची खाच

आधीचा ओझरला गेला.
विमानतळावरच्या निळ्या ट्रेमध्ये
किल्ल्या, सुट्टे पैसे, आणि तो.
पर्सच्या तळाशी आहे हे मीच विसरले होते.
गणवेशातल्या मुलीने दोन बोटांनी उचलला,
मेलेली पाल उचलावी तसा,
आणि म्हणाली, मॅडम, हा इथेच ठेवावा लागेल.
नऊ वर्षं. निरोपाला चार सेकंद.

म्हणून आज अर्धी रजा, रविवार कारंजा.
मोईझभाईंचं दुकान. बाहेर साखळ्या, पत्र्याच्या बादल्या,
आत अंधार आणि मशीनच्या तेलाचा वास.
काचेच्या कपाटातून त्यांनी दोन काढले,
हातात दिले नाहीत,
काउंटरवर ठेवले. 'उचला.'
धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं,
हे त्यांच्याकडेही आहे तर.

पहिला करडा, हलका.
अंगठा लावला की टचकन उघडतो,
खटका बसतो, मग पातं जागचं हलत नाही.
पाठीला क्लिप.
'गंजायचा नाही. पावसात विसरा, द्राक्षाच्या रसात विसरा.'
मी तीनदा उघडला, तीनदा मिटला.
चौथ्या वेळी भाईंनी असं पाहिलं
जसं आई पाहायची, रिकामी कात्री वाजवली की.

दुसरा शिसवी मुठीचा, टोकांना पितळ,
पात्यावर नखापुरती खाच.
तिच्यात नख अडकवायचं आणि ओढायचं.
आता माझं अंगठ्याचं नख कधी वाढतच नाही.
पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये
दिवसाला तीनशे खोक्यांच्या पट्ट्या.
'ताई, चाकू?' अख्ख्या शेडमध्ये माझ्या एकटीकडेच.
नवा सुपरवायझर, दुसाने, एकदा म्हणाला,
बाईमाणूस, खिशात चाकू, भीती कसली वाटते एवढी?
म्हटलं, खोक्यांची.

खिसा ही पण एक भानगडच.
कुडत्यांना नसतातच; असले तर
बसचं तिकीट आणि एक लवंग मावेल एवढे.
अशोक स्तंभाजवळचा टेलर
प्रत्येक कुडत्याला उजवीकडे खिसा लावून देतो.
दर वेळी विचारतो, किती खोल?
मी दर वेळी पंजा दाखवते.
क्लिप ते कापड फाडणार.
शिसवीचं वजन ते एका अंगाला ओढणार.

बाहेरच्या गाडीवरून दहाचा पेरू आणला.
करड्याने चिरला: सरळ, स्वच्छ, काही बोलला नाही.
शिसवीवाल्याने चिरला: थोडा करकरला,
बियांपाशी थांबला, मग गेला.
पुसेपर्यंत पात्यावर निळसर डाग.
'हा आता जायचा नाही,' भाई म्हणाले
आणि ड्रॉवरमध्ये मीठ शोधू लागले.

फोडी आम्ही दोघांनी खाल्ल्या.
तेवढ्यात शेडमधून फोन.
डाव्या हातात फोन, उजव्यात करडा,
कंटेनर किती वाजता, लेबलं कुठली,
ती नाही, हिरवी, हिरवी लावा,
आणि अंगठा आपला उघडतोय, मिटतोय, उघडतोय.
फोन ठेवला तेव्हा पाहिलं,
पातं माझ्या पोटाकडे तोंड करून होतं.

दुसरा घेतला.
त्याला दोन्ही हात लागतात.
आधी हातातलं खाली ठेवावं लागतं.
साडेचारशे सांगितले, चारशे वीसला दिला,
वर तेलाची इवलीशी बाटली.
करडा पुन्हा कपाटात गेला, काचेतून बराच वेळ दिसत राहिला.
खोटं कशाला बोलू, सुंदर होता.

दुपारच्या बसमध्ये शेजारी एक म्हातारी,
मोसंब्याच्या सालीशी झटापट करत.
मी चाकू काढला,
मिटलेलाच, आमच्या दोघींच्या मधे सीटवर ठेवला.
तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
उचलला. अंगठ्याचं नख खाचेत घातलं,
आणि मला दुकानात दोनदा निसटलेलं पातं
तिने एका ओढीत उघडलं.

आडगाव नाक्यापर्यंत साल एकसंध खाली येत होती.
मला तीन फोडी दिल्या.
मग पातं पदराला पुसून, मिटून,
तिने तो पुन्हा सीटवर ठेवला.
हातात नाही दिला.