तळ धुतला

जानेवारीत सुपीरियर सरोवराचं पाणी
डुलुथच्या नळांत शिरतं ते तीन अंशांवर.
प्रत्येक घरी मी आधी हा आकडा सांगतो, मग किंमत.
टोलेफसनबाईंनाही तळघरात, टॉर्च काखेत धरून,
हेच सांगितलं:

भिंतीवरची पेटी घेतलीत तर
नळ उघडल्या क्षणी तिला हे गोठू आलेलं पाणी
कढत करायचं असतं. एक शॉवर निभेल.
शॉवर आणि भांडी एकदम म्हणाल तर दमेल.
गॅसची नळी जाड घालावी लागेल,
धुरासाठी भिंतीला भोक.
वादळात वीज गेली की तीही गेली.
पण रात्रभर कुणासाठी पाणी तापत बसणार नाही.
मागाल तेव्हा, मागाल तेवढं.

आणि टाकी...
गोठ्यातल्या म्हाताऱ्या गाईला थोपटावं
तशी मी ती गंजकी टाकी थोपटली,
टाकी राखून ठेवते. घरात कोणी नसलं तरी.

(पेटी खपवली की मालक मला
एकशेवीस डॉलर वरचे देतो.
माझ्याही घरी पेटीच आहे.
पूर्वी टाकी रिकामी व्हायची
आणि सान्नीची आंघोळ आपोआप संपायची.
आता पाणी संपत नाही, भांडणही.)

बाई म्हणाल्या, अकरा दिवस झाले
स्टोव्हवर पातेल्यात आधण ठेवतेय.
पहिल्या दिवशी हे एवढं मोठं घेतलं होतं.
मग त्याहून लहान.
काल दुधाचं घेतलं,
वर विसण घातलं, तरी पुरलं.
एका माणसाला किती लागतं
हे मला ठाऊकच नव्हतं, राऊनो.

जुनी नळी सोडवायला मी टाकीमागे गेलो.
तिथे पत्र्यावर तेलकट पेन्सिलीने
बारीक, तिरक्या अक्षरांत:

ऑक्टो. ९८. नवी बसवली.
ऑक्टो. ९९. तळ धुतला.
२००१. तळ धुतला. गाळ वाटीभर.
२००६. आतली सळई बदलली. महाग.
२०११. तळ धुतला. पाणी बंद केल्याचं सांगायला विसरलो.
इंगेबोर्ग वरून ओरडली.
२०१८. धुतला. गुडघा.

त्याखाली कोरा पत्रा.

त्यांनी चष्मा लावला, वाकून वाचलं.
बोट पत्र्याला लावलं नाही, जरा दूरच धरलं,
टाकी अजून गरम असल्यासारखं.
अर्ने हे करायला खाली यायचा?
मला वाटायचं, चोरून सिगारेट ओढतो.
दर ऑक्टोबरात मी त्याचा कोट हुंगायचे.

मग बराच वेळ आम्ही दोघं
टाकी रिकामी होण्याचा आवाज ऐकत राहिलो.
शेवटी चुन्याचे खडे पडले,
बादलीत, शिधा मोजावा तसे.

लहान टाकी मिळते?
तीस गॅलनची.
ती धुवावी लागते?
वर्षातून एकदा. पेटीही धुवावी लागते म्हणा,
पंप लावून, व्हिनेगरने.
पंप नको, म्हणाल्या. हे शिकवा.

शिकवलं.
आधी गॅस बंद. मग गार पाण्याची चावी.
पाणी निवू द्यायचं. घाई केलीत तर हात भाजेल.
मग होज, मग वरचा एखादा गरम नळ उघडा,
नाहीतर धार अडते.
त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या
आणि मध्येच विचारलं,
त्याचा हात भाजला होता का कधी?
लिहिलं तरी नाही, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नवी टाकी बसवली.
पांढरी, बुटकी, जुन्या जागेत जरा हरवल्यासारखी.
पेन्सिल वरच्या पाइपवर होती, धूळ खात.
बाईंनीच काढली, स्टुलावर चढून,
मला चढू न देता.

जाने. नवी. लहान.
एवढं लिहून थांबल्या.
तळ धुतला, लिहू?
अजून कुठे धुतलाय?
मग ऑक्टोबरात, म्हणाल्या,
आणि पेन्सिल परत तिथेच ठेवली.

मालकाला फोन केला. तो काहीच बोलला नाही,
म्हणजे पुष्कळ बोलला.
घरी पोचलो तेव्हा काळोख पडला होता,
खिडकीच्या काचेवर वाफ.
सान्नी अजून आंघोळीतच.